पर्वती नंतर, आधी सोसायटीचं आवार

माझं वजन ११८ किलो. अशा बाईला पुण्यात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रोज पर्वती चढा’. सांगणारे बहुतेक साठ-पासष्ट किलोंचे. सपाटीवर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाहून जास्त भार येतो. पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर तो आणखी वाढतो. म्हणून मी सोसायटीच्या आवारातच फिरते, धाप लागायच्या आत थांबते. घरी खुर्चीतून हात न टेकता उठते-बसते. ताटातली भाकरी तशीच आहे. चहातली साखर आणि दुपारचं फरसाण गेलं, उसळ वाढली. (उपवासाच्या साबुदाण्याबद्दल बोलत नाही, घरात सासूबाई आहेत.)

पाच टक्के वजन, म्हणजे माझे जेमतेम सहा किलो, उतरलं तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. महिन्यात दहा किलोंची हमी देणाऱ्या चौकाचौकांतल्या पाट्या हे सांगत नाहीत. मला त्या शुद्ध फसवणूक वाटतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा; डोस बदलावा लागू शकतो. आणि नगरसेवकांना विनंती: माझ्यासारख्यांना मधे टेकता यावं म्हणून बागेतल्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर रुंद, हात असलेले बाक बसवा.