पिंजरा नको, परळ द्या

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की बाजारपेठेत कागदी चांदण्या, लाल टोप्या आणि प्लॅस्टिकची झाडं लटकायला लागतात. नाताळ आता फक्त ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. मुलांच्या शाळेत सांताक्लॉज येतो, ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी दिल्या जातात, शेजारच्या मावशींकडून केकचा डबा येतो. आणि आलेला डबा रिकामा परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही! मग काय द्यायचं? त्यातून समोरच्या माणसाला झाडाझुडपांचं, पक्ष्यांचं वेड असेल तर आपल्याला वाटतं, सोपं आहे. एखादं शोभेचं झाड नेऊ. नाहीतर आठवडी बाजारातून पोपटाचं पिंजरा-सेट नेऊ, मुलंही खूश.

मैत्रिणींनो, हे दुसरं मात्र अजिबात करू नका. आपला देशी पोपट, म्हणजे राघू, पकडणं, विकणं आणि घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "अहो, आमच्या आजोबांपासून पोपट आहे" असं सांगणाऱ्या कितीतरी बायका मला बचत गटाच्या बैठकीत भेटतात. त्यांचं प्रेम खोटं नसतं. पण तो पोपट येतो कुठून? झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढली जातात, पिशवीत कोंबली जातात, त्यातली काही वाटेतच मरतात. जी जगतात त्यांचे पंख छाटून ती आपल्यासमोर येतात. थव्याने राहणारा पक्षी जन्मभर एकटा "मिठू मिठू" म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो. परदेशी पक्ष्यांचे नियम वेगळे आहेत, पण पिंजरा तो पिंजराच.

घरात आधीच पोपट असेल तर हे वाचून लगेच पिंजऱ्याचं दार उघडू नका. पंख छाटलेला, पेरू हातातून खाणारा पक्षी बाहेर दोन दिवस टिकणार नाही. मांजर नाहीतर कावळे त्याला सोडणार नाहीत. जवळच्या वन खात्याच्या कार्यालयात कळवा, पुढचं ते सांगतील.

खरं तर नाताळ आणि पक्षी यांचं नातं फार छान आहे. नॉर्वेत या सणाला ओटच्या लोंब्यांची पेंढी घराबाहेर बांधून ठेवतात, पाखरांसाठी. बर्फात त्यांना दाणा मिळत नाही ना! अमेरिकेत मात्र एके काळी नाताळात दोन गट पाडून दिसेल तो पक्षी-प्राणी मारायचा खेळ चाले. ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. फ्रँक चॅपमन या पक्षी अभ्यासकाने १९०० सालच्या नाताळात सुचवलं की मारण्याऐवजी मोजा. त्या दिवशी २७ जण बाहेर पडले. आज सव्वाशे वर्षांनंतरही दर नाताळाच्या सुमाराला ही मोजणी होते, हजारो माणसं त्यात भाग घेतात. एका माणसाने सणाची रीत बदलली, सण काही बुडाला नाही.

आपल्याकडेही बघा. गोव्यात नाताळचा गोठा सजवताना मुलं आधी दहा-पंधरा दिवस नाचणी पेरतात आणि ती कोवळी हिरवळ बाळ येशूभोवती मांडतात. आपल्या घटस्थापनेची आठवण येते की नाही? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तर हिरवी वसई वाचवण्यासाठी लोकांना बरोबर घेऊन लढा दिला. २०२४ मध्ये ते गेले. झाडा-पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारा धर्मगुरू आणि साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, असं विरळाच.

तर मग द्यायचं काय? माझं पहिलं उत्तर, लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप. हसू नका. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन हे आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलं, ते मोठं, काळं-निळं. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं खातात. कढीपत्त्यावरही फुलपाखरं अंडी घालतात. आपण काय करतो, पान कुरतडलेलं दिसलं की फवारा घेऊन धावतो, आणि मग म्हणतो बागेत फुलपाखरं येत नाहीत! रोपाबरोबर एक चिठ्ठी द्या, "अळी दिसली तर मारू नका, चार पानं तिची." आमटीला उरतात तेवढी पुरेत.

ख्रिसमस ट्री म्हणून रोपवाटिकेत अरोकेरिया मिळतं. दिसतं देखणं, पण ते मूळ ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवरचं, आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. लाल पानांचं पॉइन्सेटिया मेक्सिकोचं, त्याचा चीक हाताला खाजतो, लहान मूल असेल तर जपून. द्यायला हरकत नाही, पण घेणाऱ्याकडे सावली आहे का, जागा आहे का, हे आधी बघा.

दुसरी भेट कुंभाराकडचा मातीचा पसरट परळ. पाणी उन्हाळ्यातच ठेवायचं असं कुणी सांगितलं? पाऊस संपला की आपल्याकडची डबकी थंडीतच आटायला लागतात. परळ उथळ हवा, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची सोय! धान्याची पोती मात्र देऊ नका. नुसतं धान्य टाकलं की कबुतरंच जमतात, २०२५ मध्ये मुंबईत त्यावरून केवढा वाद झाला ते आपण पाहिलंच.

वाचणाऱ्या माणसाला मारुती चितमपल्लींचं पुस्तक द्या. आणि खिशात पैसे नसतील तर एक सकाळ द्या. मुलांना घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जा. शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा धोबी दिसेल, संध्याकाळी ज्वारीच्या शेतावरून भोरड्यांचे थवेच्या थवे जातील. हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून आपल्या गावात येतात, आणि आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला, आणि ती कोणती हे विचारायला ते थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून.

एक शेवटचं. नाताळ झाला की वीस दिवसांत संक्रांत. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटायचे आपण कधी थांबवणार? आपल्या गावातल्या बचत गटातल्या बायका रोपं करत असतील तर त्यांना आताच सांगून ठेवा. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, जे हवं ते. पन्नास रोपं एका दिवसात तयार होत नाहीत, आणि आयत्या वेळी गेलात तर त्या बिचाऱ्या कुठून आणणार?