गृहारोग्य : अक्कलदाढ काढविताना

अक्कलदाढ काढवावयाची ठरली, की एकत्र कुटुंबात सल्ल्यांस तोटा नसतो. कोणी लवंगेचे तेल पुढे करते, कोणी चुळांचा आग्रह धरते. त्या दिवशी दोन्ही वर्ज्य समजावीत. खळगीत गोठलेले रक्त हेच उघड्या हाडाचे पांघरूण होय. जोराची चूळ, थुंकणे वा तंबाखू यांनी ते निसटले, म्हणजे दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळ जाते. मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या चुळा 24 तासांनंतर भराव्यात.

रक्त पातळ राखण्याचे औषध चालू असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे; स्वबुद्धीने बंद करू नये. केवळ हिरडी बधिर करावयाची असेल तर जेवून जावे. त्या दिवशी चतुर्थी आली, तर उपवास सोडण्यास आमची संमती आहे!

परंतु आमचे खरे सांगणे घरच्या वडीलधाऱ्यांस आहे. दाढ सुनेची असली, तर सायंकाळी ती ओट्यापाशी उभी दिसते. वाकण्याने व जड उचलण्याने रक्त पुन्हा वाहू लागते. सुजल्या तोंडाने तिला मागता येत नाही. गार ताकभात न मागता तिच्यापुढे ठेवावा. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढली, अथवा गिळणे जड झाले, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावे.