जळालेल्या घराचा बॅकअप

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला काहीही उडालं, बिघडलं, जळालं की पहिला प्रश्न सुचतो, "बॅकअप आहे का?" इंग्लंडमधल्या क्लॅन्डन पार्कबद्दल वाचताना माझं तेच झालं.

सरे परगण्यातला हा जॉर्जियन काळातला वाडा. जाकोमो लिओनी नावाच्या इटालियन वास्तुरचनाकाराने १७३०च्या आसपास ऑन्स्लो घराण्यासाठी बांधलेला. बाहेरून बघाल तर लाल विटांचा चौकोनी ठोकळा, एवढ्या श्रीमंत घराला जरा रुक्षच. पण दारातून आत गेलं की थेट मार्बल हॉल! दोन मजली उंच, पांढराशुभ्र, लांबी-रुंदी-उंची सगळं साधारण ४० फूट. नावात संगमरवर असला तरी खरी गंमत छतावरच्या गिलाव्याची. त्यातल्या काही आकृत्यांचे पाय चक्क कडेबाहेर लोंबायचे.

२९ एप्रिल २०१५ला तळघरातल्या विजेच्या वितरण-पेटीत दोष निघाला, आग लागली, लिफ्टच्या पोकळीतून वर चढली. छप्पर आणि मजले कोसळले. धड अशी एकच खोली वाचली, स्पीकर्स पार्लर. (हॉलमधल्या रिस्ब्रॅकने घडवलेल्या शेकोट्याही टिकल्या, दगडच तो.)

घर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. २०१६मध्ये ते म्हणाले, तळमजल्यावरची मुख्य दालनं पुन्हा होती तशी करू. २०२२मध्ये बेत बदलला: बराचसा भाग जळालेल्या अवस्थेतच जपायचा, वर छप्पर घालायचं आणि आतून लोकांना फिरवायचं. मग काय, गदारोळ! विम्याचे पैसे असताना भग्नावशेष कसले दाखवता?

मला ट्रस्टचं पटतं. फोटो आणि मोजमापं म्हणजे बॅकअप नव्हे हो, ते स्क्रीनशॉट! त्यावरून उभं राहील ते २१व्या शतकातलं घर, १८व्या शतकाचा मुखवटा घातलेलं. उलट आत्ता गिलावा गळाल्यावर विटांमधल्या कमानी, भिंतीत दडवलेली लाकडं, धुराडी सगळं उघडं पडलंय. पाहुण्यांना जे कधीच दिसू नये म्हणून एवढा खर्च केला, नेमकं तेच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र जड आहे. १९८९मध्ये अपपार्क हा वाडा जळाला, तो दुरुस्त करून १९९५मध्ये पुन्हा उघडला. तिथे आग छतावरून खाली आली, त्यामुळे तळमजल्याचं बरंच काही हाताशी होतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हाताने चुन्याच्या गिलाव्यात नक्षी काढण्याची विद्या त्या कामासाठी कारागिरांना नव्याने शिकावी लागली, आणि ते शिकले! नुसतं उघडं ठेवलं तर क्लॅन्डनमधून असं कोण शिकणार?

म्हणून माझी मागणी एवढीच. हॉल राहू दे तसाच. पण स्पीकर्स पार्लरची डागडुजी दारं लावून, गुपचूप उरकू नका. चार नवशिक्यांना तिथे परातीवर चढवा, आणि लोकांना खालून बघू द्या.