मुरमाच्या वाटा, सायकल आणि परभणी

परभणी : शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय महसूल विभागाने मे २०२५ मध्ये जाहीर केला. त्याची चर्चा झाली ती ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि भावकीतील बांधाच्या भांडणांच्या अनुषंगाने, आणि ते स्वाभाविकच होते. सायकलचा उल्लेख त्या चर्चेत कुठेच नव्हता. मात्र गेल्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेत सायकलस्वारांची एक मोठी लाट नेमक्या अशाच रस्त्यांच्या शोधात निघाली आहे. डांबर नाही, मोटारी नाहीत, दोन्ही बाजूंना शेत किंवा रान आणि चाकाखाली खडी-मुरूम, एवढीच तिची अपेक्षा आहे. 'ग्रॅव्हल बायकिंग' या नावाने हा प्रकार ओळखला जातो. आपण ज्याला मागासलेपणाची खूण मानतो, त्याच रस्त्यासाठी तिकडचे लोक विमानाची तिकिटे काढतात.

या लाटेचे मूळ शोधताना इटलीतील टस्कनी प्रांताकडे जावे लागते. तेथील कियांती परिसरात द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली नाहीसे होऊ लागले होते. ते वाचावेत या हेतूने १९९७ मध्ये गायोले या गावातून 'एरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी शंभरही सायकलस्वार नव्हते. पुढे २००७ मध्ये त्याच रस्त्यांवर 'स्त्रादे बियांके' ही व्यावसायिक शर्यत आली आणि खडीचे रस्ते हा त्या प्रांताचा अभिमानाचा विषय झाला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ पासून शेतशिवारातील खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतच घेतली, आणि २०२३ ची स्पर्धा तर प्रोसेको वाइनच्या टेकड्यांतून गेली.

महाराष्ट्रात द्राक्षमळे म्हटले की नाशिक आठवते. राज्याचे द्राक्ष-वाइन धोरण २००१ चे. सुला वाइनची पहिली बाटली त्याच्या आदल्या वर्षीची. सायकलच्या बाबतीतही नाशिक पुढे आहे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हापासून त्या शहरात सायकलला वेगळी प्रतिष्ठा आली. तरीही द्राक्षमळ्यांतून निवांत सायकल चालवण्याची कल्पना नाशिकमध्ये एका साध्या कारणाने अडते. मळ्यांमधील वाटा बव्हंशी खासगी आहेत. औषध फवारणीचे ट्रॅक्टर फिरतात, निर्यातक्षम मालामुळे बागायतदार परक्याला आत सोडण्यास नाखूश असतो, आणि गंगापूर रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. वाहनमुक्त म्हणावे असे तेथे फारसे उरलेले नाही.

परभणीत उलट परिस्थिती आहे. द्राक्षमळ्यांसाठी हा जिल्हा ओळखला जात नाही. येथे कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि पाण्याच्या सोयीप्रमाणे ऊस. वनक्षेत्र तर राज्यात सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांतले. जे काही रान आहे ते प्रामुख्याने जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात, येलदरी धरणाच्या बाजूला. मात्र वाटांच्या बाबतीत जिल्हा श्रीमंत आहे. गावनकाशावर दोन तुटक रेषांनी दाखवलेले गाडीमार्ग आणि एका तुटक रेषेचे पायमार्ग हे सार्वजनिक आहेत, कोणाच्या मेहेरबानीवर नाहीत. नाशिकच्या मळ्यात सायकलस्वार पाहुणा ठरतो, परभणीच्या गाडीवाटेवर तो हक्काने जाऊ शकतो. निदान कागदावर.

प्रत्यक्षात या वाटा नांगराच्या तासागणिक अरुंद होत गेल्या. साडेसोळा फुटांची गाडीवाट कित्येक शिवारांत बैलगाडीपुरतीही राहिलेली नाही. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आहे, बांधावरून नवीन वाट मिळवण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. तहसील कार्यालयातील या प्रकरणांच्या तारखा किती लांबतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये पालकमंत्री पाणंद रस्ते योजना आली, २०२१ मध्ये रोजगार हमीशी सांगड घालून मातोश्री योजना आली. २०२५ च्या निर्णयाने किमान तीन ते चार मीटर रुंदी आणि नव्वद दिवसांत निकाल अशी अपेक्षा घातली. शासनाचा युक्तिवाद सरळ आहे : जुन्या वाटा बैलगाडीसाठी होत्या, आता यंत्रे आली.

येथे काळ्या मातीचा मुद्दा येतो आणि तो टाळता येत नाही. मराठवाड्याची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आषाढात तिच्यावरून सायकल पाच पावलेही जात नाही. चिखल चाक आणि चिमट्याच्या मध्ये असा गच्च बसतो की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. पाणंद आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल असेल, तर चार महिने तिचा नाला होतो. म्हणून बाजूने चर काढणे, मध्ये उंचवटा ठेवणे, खाली खडी, वर मुरूम आणि पाणी मारून रोलर फिरवणे, एवढे झाले तरच वाट टिकते. यातील चर काढण्याचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मुरूम मात्र गौण खनिज. तो टेकडी खोदूनच येतो. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गासारखी सुमारे १७९ किलोमीटरची कामे जिल्ह्याच्या दारात असताना मुरमाची मागणी कुठून भागणार आणि जिंतूरकडच्या टेकड्यांचे काय होणार, हा प्रश्न सायकलस्वारांपेक्षा गुराख्यांचा अधिक आहे.

गावोगावी मागणी असते ती सिमेंट रस्त्याची. शहरातील हौशी माणसाने तिला नाक मुरडणे शोभणारे नाही. बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्याला खडीचे सौंदर्य सांगता येत नाही. गावाला जोडणारा रस्ता पक्काच हवा. शेतात जाणाऱ्या वाटेचे गणित मात्र वेगळे आहे. नीट निचरा असलेली मुरमाची वाट ट्रॅक्टरला पुरते, गावच्या मजुरांकडून दुरुस्त होते आणि त्याच पैशात अधिक लांबीची होते. इटलीतील उदाहरण येथे कामाचे ठरते ते एवढ्याचपुरते की, खडीचा रस्ता हा अर्धवट राहिलेला डांबरी रस्ता नसतो.

दुसरी संधी कालव्यांची. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून सुमारे २०८ किलोमीटर जातो आणि परभणी जिल्ह्याला पाणी देतो. निम्न दुधना आणि माजलगाव प्रकल्पांचे कालवेही जिल्ह्यात आहेत. कालवा उतार सांभाळत चालतो, त्यामुळे त्याच्या काठचा सेवारस्ता जवळजवळ सपाट असतो. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारींच्या झोतात जीव मुठीत धरून जाणाऱ्या सायकलस्वाराला याचे मोल कळेल. अर्थात हे रस्ते जलसंपदा विभागाचे आहेत, कालव्याच्या देखभालीसाठी आहेत; भराव खचलेला असतो, वेड्या बाभळी माजलेल्या असतात, आवर्तन सुरू असताना कडेने जाणे धोक्याचे असते. तेथे सायकलला रीतसर मुभा देणे हा विभागाचा निर्णय ठरेल, आणि तसे धोरण आखण्यास रस्ताबांधणीइतका खर्च येणार नाही.

सायकलीच्या किमतीचा बाऊ मात्र करू नये. ग्रॅव्हल सायकल म्हणून जी विकली जाते तिला हजारो आणि काही वेळा लाखो रुपये पडतात. तिचे वैशिष्ट्य काय, तर चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे रुंद टायर. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचे अठ्ठावीस बाय दीडचे टायर याच मापाचे! परभणीतील एक अख्खी पिढी नकळत ग्रॅव्हल चालवत आली आहे. गिअर तेवढे नव्हते. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या मुलींना पावसाळ्यात वस्तीवरून मुख्य रस्त्यापर्यंत सायकल ढकलत यावे लागू नये, हा पाणंदीच्या कामाचा पहिला हिशेब असायला हवा. पर्यटक त्यानंतर.

पर्यटक येतील का? जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, पूर्णा नदीवरचे येलदरी धरण, गंगाखेडला संत जनाबाईंचे गाव आणि गोदाकाठ : एका दिवसाच्या फेरीला पुरेल एवढे येथे नक्कीच आहे. कृषी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२० मध्येच आणले. अडचण हंगामाची आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात चिखल. उरतात ते कार्तिक ते माघ हे चार महिने. पहाटे धुके असते, ज्वारी पोटऱ्यात येते, कधी तापमान एक अंकी होते. पण नेमका तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. मागे लाल फडकेही नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाणंदीच्या वळणावर समोर आला, तर 'वाहनमुक्त' हा शब्द तेथेच संपतो. जिंतूर पट्ट्यात उसाचे प्रमाण कमी असल्याने सुरुवात तिकडून होणे सोयीचे. गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या वाटा गळीत आटोपल्यावर, फाल्गुनाच्या तोंडावर आणि तेही सकाळी दहाच्या आत.