संत्र्याचा रुपया

व्यापार आणि ग्राहक यांविषयीं आमच्या विद्यापीठांत प्रबंध उदंड होतात. बाजारांत पाय ठेवून लिहिलेले थोडे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं निघाली, आणि १९३३ सालींच तिनें धनंजयराव गाडगीळ प्रभृतींनीं केलेली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. परतवाड्याच्या आसमंतांत संत्र्यांच्या बागा आहेत, आणि अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ आहे. येथील विद्यार्थ्यानें परक्या प्रश्नावल्या गिरवण्यापेक्षां बागाईतदार, अडत्या व गृहिणी यांस गांठावें. गिऱ्हाइकाच्या रुपयांतून बागाईतदाराच्या पदरीं किती पडतें, हें मोजावें. आणि गृहिणींनीं जमाखर्चाच्या जुन्या वह्या रद्दींत घालूं नयेत, अशी आमची विनंती आहे. घरखर्चाचा त्याहून प्रामाणिक पुरावा प्रबंधकारास कोठें मिळणार?