उन्हाळ्याची साक्ष

वैशाख सरत आला की विदर्भातील गावे भर दुपारी मुकी होतात. नागपुरासारख्या गजबजलेल्या नगरीतही बारा वाजून गेले की रस्त्यावरील वर्दळ ओसरते. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा सायकलस्वार, कडुनिंबाच्या सावलीत विसावलेली गुरे आणि डांबरी रस्त्यावर थरथरणारी हवा, एवढेच काय ते दृष्टीस पडते. घराघरांतून कूलर घरघरत असतात, कैरीचे पन्हे केले जाते आणि सायंकाळी ओट्यावर जमलेल्या मंडळींत एक वाक्य हटकून ऐकू येते : "असा उन्हाळा उभ्या जन्मात पाहिला नाही!"

गंमत अशी की, हेच वाक्य गेल्या वर्षीही उच्चारले गेलेले असते आणि त्याच्या आदल्या वर्षीही. बोलणारा खोटे बोलत नसतो. आजचे ऊन त्याच्या अंगाला चटका देत असते. दहा वर्षांपूर्वीचे ऊन केवळ मनात उरलेले असते, आणि मनात उरलेले ऊन पोळत नाही. उलट काही वृद्ध मंडळी आपल्या तरुणपणीचा उन्हाळा वाढवून सांगतात. तात्पर्य, ऋतूंच्या बाबतीत माणसाची आठवण हा प्रामाणिक, परंतु भरवशाचा नसलेला साक्षीदार होय.

भरवशाचा साक्षीदार निराळा आहे. वेधशाळेच्या मोकळ्या अंगणात, उंच पायांवर उभी केलेली झडपांची एक पांढरी पेटी असते. तिच्या आत तापमापक ठेवलेले असतात. झडपांतून वारा खेळतो, पण ऊन आत शिरत नाही. कारण मोजावयाचे असते ते हवेचे तापमान, उन्हात तापलेल्या वस्तूचे नव्हे. कमाल तापमापकातील पारा दिवसाच्या सर्वांत उंच अंशापर्यंत चढतो आणि ज्वर मोजण्याच्या नळीतील पाऱ्याप्रमाणे तेथेच थांबून राहतो. ठरलेल्या वेळी निरीक्षक येतो, आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. दिवाळी असो वा रविवार, हा नेम मोडून चालत नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि १९४४ साली दिल्लीस गेले. पुढे देश स्वतंत्र झाला. कार्यालये हलली, राजवट बदलली. नोंद मात्र चालू राहिली.

या नोंदींमुळेच काही गोष्टी निश्चयाने सांगता येतात. राजस्थानातील अलवर येथे १० मे १९५६ रोजी पारा ५०.६ अंश सेल्सिअसवर गेला होता. देशातील हा उच्चांक साठ वर्षे टिकला. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातीलच फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा तो मोडला. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. 'असा उन्हाळा पाहिला नाही' हे विधान खरे की खोटे, याचा निवाडा ओट्यावर होत नाही. तो वेधशाळेच्या वहीत होतो.

तथापि वहीत लिहिलेले ते सारे खरेच, असेही मानू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश असा आकडा दाखविला आणि एकच खळबळ उडाली. शहरातील इतर काही ठिकाणचे आकडे मात्र त्याहून पुष्कळ कमी होते. तपासाअंती हवामान खात्याने हा दोष यंत्राचा असल्याचे जाहीर केले. लिबिया देशातील अल् अझिझिया गावाची कथा तर याहून बोधप्रद आहे. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तेथे ५७.८ अंश तापमान नोंदले गेले, आणि पुढे ते जगातील सर्वोच्च तापमान मानले गेले. जागतिक हवामान संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे बारकाईने तपासली. अननुभवी निरीक्षकाने यंत्र चुकीचे वाचले असावे, असा निष्कर्ष निघाला आणि २०१२ साली तो उच्चांक रद्द झाला. नव्वद वर्षांनंतर का होईना, चूक कबूल करण्यात कमीपणा मानला गेला नाही. नोंदीची प्रतिष्ठा तिच्या मोठ्या आकड्यात नसून तिच्या खरेपणात असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हवामानाच्या अंदाजात आहे. सपाट प्रदेशात तापमान किमान ४० अंशांवर पोहोचले आणि ते तेथील सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी अधिक असले, तर त्यास उष्णतेची लाट म्हणतात. पण सरासरी कशावरून ठरते? मागील अनेक वर्षांच्या नोंदींवरून! कालची वही नसेल, तर उद्याचा इशारा देता येत नाही. आणि इशारा मिळाला नाही, तर काय घडते हे अहमदाबादने अनुभवले आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली, असे पुढे अभ्यासकांना आढळून आले. या आघातातून शहर शहाणे झाले. २०१३ साली तेथे उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली गेली. आगाऊ इशारे, पिण्याच्या पाण्याची सोय, रुग्णालयांची सिद्धता आणि मजुरांना दुपारची विश्रांती ही तिची अंगे होत. पुढे नागपुरासह अनेक शहरांनी हा मार्ग धरला.

जुन्या लोकांना वेधशाळेवाचून उन्हाळा कळत नव्हता काय, अशी एक शंका निघते. कळत होता, यात संशय नाही. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नऊ दिवस कडक तापतात, त्यास विदर्भात 'नवतपा' म्हणतात. नागपूरच्या माथ्यावर मध्यान्हीचा सूर्य नेमका याच सुमारास येतो. तेव्हा पूर्वजांचे निरीक्षण पोकळ नव्हते. परंतु नवतपा बहुधा काय घडते ते सांगतो. यंदा काय घडेल ते सांगू शकत नाही. एखाद्या वर्षी नवतप्यातच वळवाचा पाऊस पडतो, तर एखाद्या वर्षी एप्रिलमध्येच लाट येते. शिवाय नोंदींवरून असे दिसते की, गेल्या शतकापासून भारताचे सरासरी तापमान वाढत आले आहे. अशा वेळी केवळ जुन्या ठोकताळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

अंदाज कधी कधी चुकतात, म्हणून त्यांची थट्टा करणारेही पुष्कळ आहेत. पण अंदाज म्हणजे वचन नव्हे; तो सावधगिरीचा शब्द आहे. लाल इशारा मिळूनही लाट आली नाही, तर घरात थांबलेल्या माणसाची एक दुपार वाया जाते. इशारा हसण्यावारी नेला आणि लाट आली, तर कोणाचा तरी प्राण जातो. या दोहोंतील मोठी हानी कोणती, हे सांगावयास नको.

हा प्राण बहुधा ज्याला घरी थांबणे परवडत नाही त्याचा असतो. रस्त्यावर खडी पसरणारा मजूर, हातगाडी ओढणारा हमाल, शेतात राबणारी स्त्री यांच्यापर्यंत इशारा पोहोचणे आणि त्यांना सावली, पाणी व विसावा मिळणे, हीच अंदाजाची खरी सार्थकता होय. दाराशी पाण्याने भरलेला रांजण ठेवणे कोणत्याही घराला अवघड नाही. शाळेत एखादा तापमापक सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगून रोज एकाच वेळी आकडा टिपून ठेवणे मुलांनाही सहज साधण्यासारखे आहे.

उन्हाळा संपतो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर त्याची आठवणही धुऊन जाते. वहीतील आकडा मात्र राहतो आणि पुढल्या वैशाखात कोणाचा तरी जीव वाचविण्याच्या कामी येतो.