कर्करोग : कारण आणि दोष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या एका बाईंस स्तनाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. बाई प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहेत. त्या अविवाहित असून त्यांची राहणी इतकी साधी आहे कीं, तंबाखू किंवा दारू ह्यांचें नांवही त्यांच्या घरांत निघत नाहीं. आम्ही समाचारास गेलों तेव्हां पांचसात मंडळी त्यांच्या खाटेभोवतीं बसली होती. सांत्वनाचें बोलणें चाललें होतें. परंतु प्रत्येकाच्या बोलण्याच्या पोटांत एकच शोध होता. एका बाईंनीं विचारलें, "तुमच्या घराण्यांत हें पूर्वीं कोणाला होतें का हो?" दुसऱ्या एकानें प्लॅस्टिकच्या डब्यांचा विषय काढला, तिसऱ्यानें शहरांत मिळणाऱ्या दुधाचा. ईयोबाचे मित्रसुद्धां आरंभीं सात दिवस गप्प बसले होते. ह्या मंडळीस तेवढाही धीर धरवला नाहीं. सर्वजण उठून गेल्यावर बाई आम्हांस म्हणाल्या, "सर, माझं चुकलं तरी काय?"

त्याच महिन्यांत आम्हीं नववीच्या वर्गांत तंबाखूच्या दुष्परिणामांवर एक तास घेतला. तास संपतां संपतां मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, माझे आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. रोज तंबाखू खातात. त्यांना काही झालं नाही." वर्ग हंसला. मुलगा उद्धट नव्हता. त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा आमच्यापुढें ठेवला होता. आणि आम्हीं त्यास जें सांगितलें तें, खरें बोलावयाचें तर, उत्तर नव्हतें, दटावणी होती.

बाईंचा प्रश्न व मुलाचें विधान हीं एकमेकांच्या अगदीं उलट दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशीं चूक एकच आहे असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे. जी गोष्ट हजारों-लाखों माणसें मोजल्यावांचून कळत नाहीं, ती आपण एकाच माणसाकडे पाहून ठरवूं पाहतों.

प्रथम आजोबांविषयीं. इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्या दोघांनीं १९५० सालीं सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविला. आणि १९५१ सालीं त्यांनीं तेथील डॉक्टरांसच पत्रें धाडून त्यांच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनीं उत्तरें पाठविलीं, व त्यांच्या जीवनमरणाची नोंद पुढें पन्नास वर्षें चालू राहिली. निष्कर्ष असा निघाला कीं, जन्मभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षां सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतात. आतां दुसरा एक हिशेब पाहावा. ब्रिटनमधील १९९० च्या सुमाराच्या मृत्युप्रमाणावरून असें दिसलें कीं, आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या शंभर पुरुषांपैकीं सुमारें सोळांस पंचाहत्तरीच्या आंत फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण येतें; कधींच न ओढणाऱ्यांत हें प्रमाण दोनशांत एकाहूनही कमी. फरक केवढा प्रचंड, हें कोणासही दिसेल. पण त्याचबरोबर हेंही दिसेल कीं, उरलेले चौऱ्यांशी जण, निदान ह्या एका रोगापुरते, त्या आजोबांच्या पंक्तीस बसतात! (हृदयविकारानें व श्वासाच्या रोगानें त्यांतील किती गेले तो हिशेब वेगळा.) आजोबा खोटे नाहींत. त्यांच्यासारखे आजोबा गांवोगांवीं असणारच. मात्र त्यांच्याकडे पाहून नातवानें स्वतःविषयीं कांहींएक अनुमान काढतां कामा नये. हें आम्हीं त्या दिवशीं वर्गांत सांगावयास पाहिजे होतें. तें येथें सांगत आहों.

पुष्कळांस एकत्र पाहिल्यानें काय कळतें ह्याचें आपल्या देशांतील एक जुनें उदाहरण काश्मीरचें आहे, व तें एका मिशनरी डॉक्टराच्या नांवावर आहे. डॉ. एल्म्स्ली हे १८६५ सालीं काश्मिरांत गेले. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत पोटाच्या व मांडीच्या कातडीवर कर्करोग झालेले लोक त्यांस वारंवार दिसूं लागले. इतर देशांत ह्या जागीं हा रोग क्वचितच आढळे. काश्मिरी लोक थंडींत अंगांतल्या फेरनाखालीं कांगडी, म्हणजे निखाऱ्यांनीं भरलेलें व वेताच्या विणीनें मढविलेलें मडकें, पोटाशीं धरून बसतात. वर्षानुवर्षें तीच जागा भाजत राहते. एल्म्स्ली ह्यांनीं १८६६ सालीं ह्या दोन गोष्टींचा संबंध छापून प्रसिद्ध केला. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, कांगडी न वापरणारा मनुष्य त्या खोऱ्यांत विरळाच. एका काश्मिरी रोग्याची त्याच्या शेजाऱ्याशीं तुलना केली असती, तर कांगडीचा दोष मुळींच दिसला नसता. दोघांच्याही फेरनाखालीं ती असावयाचीच. बाहेरून आलेल्या व दुसरे देश पाहिलेल्या माणसास ती दिसली.

मुंबईच्या टाटा रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं १९४५ सालीं अशाच तीन चालींचा निबंध लिहिला. पहिली, धोतराची गांठ कमरेस एकाच जागीं जन्मभर आवळल्यामुळें तेथील कातडीवर होणारा कर्करोग. दुसरी, आंध्राच्या किनाऱ्याकडील लोक चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत ठेवून ओढतात, त्यामुळें टाळूस होणारा. तिसरी, बिहारकडे चुन्यांत मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आंत धरून ठेवतात, त्यामुळें तेथें होणारा. तीन प्रांत, तीन चाली, आणि शरीराच्या तीन निरनिराळ्या जागा. जो तो आपल्या प्रांताच्या रिवाजाप्रमाणें वागत होता. कोणी कांहीं जगावेगळें करीत नव्हता.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग हा सारा सवयींचाच खेळ, आणि सवय ज्याची त्यानें सोडावी. येथेंच आम्ही वाचकांस थोडें थांबवूं इच्छितों. १७१३ सालीं इटलींतील रामात्सीनी ह्या वैद्यानें नमूद करून ठेविलें कीं, मठांत राहणाऱ्या जोगिणींत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक आढळतो. पुढें १९२६ सालीं इंग्लंडांत जॅनेट लेन-क्लेपन ह्या विदुषीनें पांचशें रोगी व पांचशें निरोगी स्त्रियांची तुलना केली, तेव्हां उशिरा लग्न होणें, मुलें थोडीं असणें, त्यांस अंगावर थोडें पाजणें ह्या गोष्टींशीं ह्या रोगाचा संबंध दिसून आला. मुंबईंत १९६३ सालीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशांतील अशी ती पहिलीच. तींत पारशी स्त्रियांमध्यें स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षां कितीतरी अधिक निघाला, तर तंबाखूमुळें होणारे कर्करोग ह्या समाजांत फार कमी, कारण अग्नीस पूज्य मानणाऱ्या त्यांच्या घरांत धूम्रपान निषिद्ध. पारशी स्त्रिया पुष्कळ आधींपासून शिकल्या, उशिरा लग्न करूं लागल्या, कित्येकींनीं केलेंच नाहीं. शिवाय लहान समाजांत आपसांत होणारे विवाह व त्यांतून येणारी आनुवंशिकता ह्यांचाही भाग असूं शकतो. सर्वसाधारणपणें स्तनाच्या कर्करोगांपैकीं शंभरांत पांच ते दहा रक्तांतून आलेल्या दोषामुळें होतात असें मानितात.

तर मग जोगिणींचा अपराध कोणता? पारशी मुलींनीं शाळेंत जाऊं नये असें कोणी म्हणेल काय?

हीच गोष्ट आपल्या अधिक जवळ आणून पाहूं. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील सुमारें साडेतीनशें गांवांची कर्करोगाची नोंदवही १९८७ सालापासून सुरू आहे. तिच्या आरंभींच्या वर्षांत तेथील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पहिला होता, आणि स्तनाचा त्याच्या पुष्कळ मागें. मुंबईंत नेमकें उलटें. आणि मुंबईच्याच जुन्या वह्या चाळल्या तर तेथेंही गर्भाशयमुखाचा कर्करोग दशकामागून दशक कमी होत गेला व स्तनाचा वाढत गेला. दोन्ही बदलांचीं कारणें बऱ्याच अंशीं एकच आहेत : मुलींचें वाढलेलें शिक्षण, वाढलेलें लग्नाचें वय, घटलेलीं बाळंतपणें. ज्या राहणीनें एका रोगाचें दार थोडें लोटलें, तिनेंच दुसऱ्याचें किलकिलें केलें. हें ध्यानांत आल्यापासून 'चांगली राहणी ठेवा म्हणजे कर्करोग होणार नाहीं' असें बेधडक सांगणाऱ्यांवरचा आमचा विश्वास उडाला आहे.

रक्ताचाच सर्व प्रभाव असता तर माणसानें देश बदलल्यानें कांहीं बदललें नसतें. जपानांत पोटाचा, म्हणजे जठराचा, कर्करोग फार. जे जपानी हवाई बेटांत व अमेरिकेंत जाऊन राहिले त्यांच्या मुलाबाळांत तो घटत गेला, आणि मोठ्या आंतड्याचा व पुढें स्तनाचा वाढत जाऊन तेथील गोऱ्या लोकांच्या जवळ गेला. रक्त तेंच, बदललें तें ताट, कुटुंब आणि दिवसाचा क्रम.

लंडनचे जेफ्री रोझ ह्यांनीं १९८५ सालीं ह्याविषयीं एक फार मार्मिक मुद्दा मांडला. एखाद्या देशांत प्रत्येक माणूस रोज वीस सिगारेटी ओढूं लागला तर तेथील विद्वान फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आहे असाच निष्कर्ष काढतील. कारण सिगारेट सर्वांत सारखी, फरक दिसेल तो काय तो रक्तांत! अमक्यासच रोग कां झाला हा एक प्रश्न, आणि आमच्या गांवांत तो इतका कां आहे हा दुसरा. पहिल्याचें उत्तर बहुधा मिळत नाहीं. दुसऱ्याचें मिळतें, व त्यावर उपायही करतां येतो. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशीव जिल्ह्यांत १९९९ सालापासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ज्या गटास गर्भाशयमुखाच्या विषाणूची चांचणी आयुष्यांत केवळ एकदां दिली, त्या गटांत ह्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. हे निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या विषाणूवरील लस आतां पुण्यांतही तयार होते. तिला २०२२ सालीं परवाना मिळाला. ह्यांत कोणाच्याही वागणुकीची चौकशी करावी लागत नाहीं. मुसलमान स्त्रियांत हा रोग कमी व हिंदु स्त्रियांत अधिक, ह्यावर पूर्वीं किती तर्क लढविले गेले! मूळ निघालें एका विषाणूंत, ज्यास धर्म ठाऊक नाहीं.

आतां आमच्या अंगणांतील गोष्ट. महाराष्ट्रांत २०१६-१७ च्या पाहणींत प्रौढांपैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक तंबाखू घेतांना आढळले, व त्यांतील बहुतेक ती ओढणारे नव्हते, तोंडांत धरणारे होते. मिशरीचा डबा तर आमच्या लहानपणीं अशाही घरांत असे कीं, जेथें दारूचें नांव काढणें पाप समजत. आमची आजी तंबाखू तव्यावर भाजून कुटीत असे, व आम्हां मुलांस तो वास आवडे. तिला कोणी व्यसनी म्हटलें असतें तर आम्ही भांडलों असतों. तिच्या लेखीं तें दंतमंजन होतें; साऱ्या आळीच्या लेखीं होतें. अशा ठिकाणीं एकट्यादुकट्यास उपदेश करून काय होणार?

कायदा २००३ सालापासून आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत, म्हणजे सुमारें एक्क्याण्णव मीटरांच्या आंत, तंबाखू विकतां येत नाहीं. आम्हीं व्यायामशिक्षकांची टेप घेऊन आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरील टपरीपर्यंत मोजलें. चौसष्ट मीटर भरलें. टपरीवाल्याचीं दोन मुलें आमच्याच शाळेंत आहेत, व त्यांची फी त्याच पुड्यांतून येते. तो आम्हांस शांतपणें म्हणाला, "सर, माळा उद्या काढतो. पण मग विकू काय, ते तुम्हीच सांगा." बाईंच्या प्रश्नासारखाच हाही प्रश्न आम्हीं खिशांत घालून घरीं आणला.

बाईंकडे आम्ही पुन्हां गेलों होतों. उपचार चालू आहेत. केंस गेले आहेत. सहामाहीच्या वह्या त्या घरीं मागवून तपासीत होत्या. आम्हीं त्यांस इटलींतल्या जोगिणींची हकीकत सांगितली. त्या हंसल्या व म्हणाल्या, "म्हणजे संगत चांगली आहे."

टपरीवाल्याविषयीं आमची सूचना अशी आहे कीं, शाळेच्या वह्या, पेन्सिली व कंपासपेट्या विकण्याचें काम ह्या वर्षापासून त्यास द्यावें, व त्यानें माळा उतरवाव्या. ही सूचना जूनमधील पालक-सभेपुढें येईल. ज्यांस ती मान्य नसेल त्यांनीं त्या सभेस अवश्य यावें.